पहिलं टिंब

वॉर्ड सात हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. 'उशाशी' या आमच्या संकेतस्थळावर त्यांनी घेतलेलं नाव ते. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, त्यांनी एकमेकांशी बोलावं, विचारावं, कधी नुसतं रडावं, म्हणून ही जागा आम्ही दोघींनी काढली. मी आणि गणिताच्या बाई. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, म्हणून तिथे मी काचवाली. माझे सासरे चार वर्षं अंथरुणावर आहेत, बाईंची आई सहा. सदस्य साडेतीनशेच्या घरात, त्यातले निम्मे आमच्याच शहरातले. कोणी वाह्यात बोललं तर त्याला समज देणं, लिखाण उडवणं, आठ दिवस बाहेर बसवणं ही कामं माझ्याकडे, कारण बाईंना कोणाला दुखवणं जमत नाही आणि मला जमतं. नवरा संध्याकाळी विचारायचा, "काय न्यायाधीश, आज कोणाला फाशी?"

आधीच सांगते, या सगळ्यात मी वाईट वागले आहे. शेवटपर्यंत ऐकून कोणी 'तुमचा हेतू चांगला होता' वगैरे म्हणू नका. तो नव्हता.

वॉर्ड सात एका मोठ्या सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं वॉर्डबॉय होते. आम्हाला हे माहीत होतं, कारण ते दर चौथ्या ओळीत सांगायचे. त्या काळात आम्ही त्यांना अरे-तुरेच करत होतो, म्हणून तेव्हाचं तसंच सांगते. तर हा माणूस सगळ्यांना 'नातेवाईक' म्हणायचा. कोणी लिहिलं, "वडिलांच्या अंगावरचं कातडं फार कोरडं पडलंय," की याचं खाली आलंच. "नातेवाईक, तेल लावा, कविता नको." कोणी चादरी किती धुवाव्या लागतात म्हणून हताश झालं, की "पेशंट ओला राहिला म्हणजे तुम्ही झोपला होतात." नमस्कार नाही, चमत्कार नाही. एका बाईने आईच्या पाठीवर जखम झाली म्हणून लिहिलं होतं. वाचताना माझेच डोळे भरून आले. याने खाली लिहिलं, "जखम एका रात्रीत होत नाही. चार दिवस पाठ बघितली नाही, असं लिहा." ती बाई गेली ती परत आली नाही.

मी त्याला समज दिली. त्याने उत्तर दिलं, "सूचना मिळाली." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी आठ दिवस बाहेर ठेवला. नवव्या दिवशी सकाळी हजर, आणि आठ दिवसांत साचलेल्या एकोणीस लोकांना ओळीने उत्तरं. काढून टाकावा असं पुष्कळांचं म्हणणं होतं. गणिताच्या बाई म्हणाल्या, "काढायचं नाही. बोलतो वाईट, पण सांगतो ते चुकीचं नसतं. आपण दुर्लक्ष करू." अनुल्लेखाने मारणं म्हणतात ते. पण अनुल्लेख जुन्यांना जमतो, नव्यांना कुठून जमणार? नवा सदस्य यायचा, याचं वाचून त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, आणि पन्नास प्रतिसादांचं भांडण पेटायचं.

तेव्हा टिंबाची कल्पना मी काढली. वॉर्ड सातने काही लिहिलं की जो जुना सदस्य ते आधी बघेल, त्याने खाली फक्त एक टिंब द्यायचं. पूर्णविरामाएवढं. त्याचा अर्थ, 'हा तो आहे, कोणी तोंडी लागू नका.' नव्या माणसाला आम्ही खासगीत कळवायचो. ज्याच्यासाठी ते टिंब होतं, तो सोडून सगळ्यांना अर्थ माहीत होता. पंधरा दिवसांत भांडणं बंद. लोकांना त्यात गंमत वाटायला लागली. एक टिंब पुरेसं असताना सात-सात, आठ-आठ यायची. बाईसुद्धा म्हणाल्या, "डोकं आहे हो तुला." मी फुशारले. आमचा हा नियम दुसऱ्या दोन संकेतस्थळांनी उचलला, तेव्हा मी नवऱ्याला वाचून दाखवलं.

पण तो नियम मी नेमका त्याच आठवड्यात का काढला, हे मी 'उशाशी'वर कोणाला सांगितलं नाही. सासऱ्यांसाठी नवी गादी आणली होती. स्वच्छ चादर, उशा, पाय सरळ, सगळं नीटनेटकं करून मी फोटो टाकला होता. कौतुकाचे तीस प्रतिसाद आले. एकतिसावा वॉर्ड सातचा. "टाचा गादीला टेकल्यात. नातेवाईकांना फोटो काढायला वेळ आहे, टाचा उचलायला नाही. लाल जागा बोटाने दाबा. पांढरी झाली तर वेळ आहे. लालच राहिली तर तुम्ही उशिरा आलात." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि मग मी उठून सासऱ्यांची टाच बघितली. लाल होती. दाबली, पांढरी झाली. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवल्या, चार दिवसांत लाली गेली. मी त्याला धन्यवाद लिहिले नाहीत. पाचव्या दिवशी टिंबाचा नियम लिहिला.

असे पाच महिने गेले. मग एका रविवारी वॉर्ड सातने लिहिलं. मी तेव्हा दुकानात होते, एका आजीबाईंची फ्रेम घट्ट करत होते, फोन काउंटरवर उजळला. पहिली ओळ दिसली, "माणसं लागतील." मनात म्हटलं, झालं, आता हुकूम सोडायला लागला. टिंब दिलं आणि फोन पालथा ठेवला. नंतर मी नवऱ्याला सांगितलं की मी ते वाचलंच नव्हतं. हे खोटं आहे. पहिली ओळ वाचली होती, आणि खाली आणखी सहा-सात ओळी आहेत, हे दिसत होतं.

त्या ओळी अशा होत्या. "मंगळवारी माझं हर्नियाचं ऑपरेशन. सकाळी सातला घर सोडणार, बुधवारी सकाळी आठपर्यंत परत. बायको अर्धांगाची, दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. मूलबाळ नाही. आधी दोनदा बाई ठेवून बघितली, दोन्ही वेळा तिने वळवलं नाही, वळवलं म्हणून सांगितलं. इथल्या लोकांना काम माहीत आहे. बारा पाळ्या आहेत. किल्ली खाली शिंप्याकडे. पत्ता देतो आहे." आणि पत्ता. माझ्या घरापासून चार थांब्यांवर.

संध्याकाळपर्यंत त्याखाली अकरा टिंबं पडली.

मंगळवारी अकराच्या सुमारास दुकानात गर्दी नव्हती. चहा पिता पिता मी सहज 'उशाशी' उघडलं. सोमवारी दुपारी वॉर्ड सातने लिहिलेलं वर होतं. "अकरा जणांची पोच मिळाली. पाळ्या लावल्या आहेत. काचवाली यांची पोच सगळ्यांत आधी, म्हणून त्यांना दोन. मंगळवार सकाळी आठ, बुधवार सकाळी सहा." खाली नावं आणि वेळा, ओळीने. आठ, दहा, बारा, दोन. त्या यादीखाली आणखी तीन टिंबं होती. ती यादीही कोणी वाचली नव्हती.

आठ वाजून तीन तास झाले होते. मालकांना "सासऱ्यांचं जास्त झालंय" असं सांगून निघाले. त्या दिवशी मी पहिलं खोटं तिथे बोलले, आणि तोंडातून ते अगदी सहज आलं.

शिंपी दाराशीच उभा होता. "आठवाल्या ताई तुम्हीच का? केव्हाची वाट बघतोय. वर जाऊन दोनदा पाणी पाजलं मी, पण हात लावायला धीर होत नाही हो. माझ्या हातून काही मोडलं-बिडलं तर?" किल्ली त्याने मुठीत धरून ठेवली होती, ती गरम लागली.

वर एकच खोली आणि मागे स्वयंपाकघर. एवढी स्वच्छ खोली मी दवाखान्यातही बघितलेली नाही. पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढलेला, दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहील असा. एका खुर्चीवर घड्या घातलेल्या चादरी, दुसरीवर चार उशा, प्रत्येकीला कागद टाचलेला. 'पाठीमागे.' 'गुडघ्यांमध्ये.' 'पोटऱ्यांखाली.' 'जादा.' पलंगाच्या पायथ्याशी दोरीला तक्ता लटकत होता, त्यावर बारा चौकटी आणि पहिल्या चौकटीत माझं नाव. काचवाली, पुढे कंसात 'तत्पर'.

त्या अर्धांगाच्या बाई डाव्या कुशीवर होत्या. सकाळी सहापासून. केस विंचरलेले, वेणी घातलेली. त्यांचं बोलणं सावकाश होतं, पण स्पष्ट. म्हणाल्या, "आठच्या का तुम्ही?"

"हो."

"उशीर झाला?"

"बस चुकली," मी म्हटलं.

"असू दे. हे म्हणाले होते, येतील. एकदा पोच दिली की येतातच."

मी चादरीला धरून त्यांना वळवलं. कमरेच्या हाडावर तळहाताएवढी जागा लाल झाली होती. मी बोटाने दाबली. बोट उचललं, बघत राहिले. ती पांढरी झाली नाही.

पोच हा शब्द मला तिथे कळला. बाई बोलत होत्या आणि मी उशा लावत होते. नवऱ्याच्या वॉर्डात म्हणे पायथ्याशी असाच तक्ता असायचा. पुष्कळ वॉर्डबॉयना लिहिता यायचं नाही. म्हणून ज्याने पाळी घेतली त्याने चौकटीत पेनाने टिंब द्यायचं. टिंब दिलं म्हणजे, बघितलं, आता हा पेशंट माझा. "तुमच्याकडेही तशीच पद्धत आहे, हे बघून यांना इतका आनंद झाला," बाई म्हणाल्या. "पूर्वी लोक भांडायचे. मग एक दिवस पोच यायला लागली. रोज जेवताना मला सांगतात. आज सातांनी घेतलं. आज नऊ. आधी मला वाटायचं, यांचं कोण ऐकणार, बोलणं हे असं. पण ऐकतात हो लोक."

मी नुसतं हं, हं करत बाराच्या चौकटीत टिंब दिलं आणि पुढे वेळ लिहिली, पावणेबारा. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

टेबलावर एक जाड वही होती. मी उघडायला नको होती. त्यात आमचे सगळे पेशंट होते. आम्ही घेतलेल्या नावांखाली, एकेका पानावर एकेक. गणिताच्या बाईंची आई, 'गिळायला त्रास, मान पुढे'. ती सोडून गेलेली बाई, तिच्या पानावर 'आई. पाठ. पुढे कळलं नाही. आपण जास्त बोललो.' आणि काचवाली. 'सासरे. टाचा. विचारायचं आहे.' त्याखाली पाच महिन्यांच्या तारखा होत्या. दर महिन्याला एक. विचारलं कधीच नव्हतं, कारण विचारावं असं आम्ही त्यांना कधी वाटू दिलं नव्हतं. त्या दिवसापासून मला त्यांना अरे-तुरे करता आलं नाही.

मग मी स्वयंपाकघरात जाऊन दहाजणांना फोन आणि निरोप सुरू केले. "तुमची पाळी आहे," एवढंच म्हणायचे. लोक म्हणायचे, कसली पाळी? मग समजावत बसायचं. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, मी टिंब दिलं म्हणजे नको म्हटलं होतं." एकजण म्हणाला, "नियम तुमचा, आता तुम्हीच निस्तरा." बरोबरच होतं त्याचं. त्या दोघांनी फोन ठेवून दिला. दोघांनी उचललाच नाही. गणिताच्या बाई मात्र वर्ग सोडून आल्या, दारातच तक्ता बघितला, आणि मला म्हणाल्या, "हे आपण काय केलं गं?" आपण म्हणाल्या, माझ्यावर लोटलं नाही, आणि त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. त्या धरून एकूण सहा जण आले. राहिलेल्या पाळ्या मी आणि गणिताच्या बाईंनी केल्या. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाबांचं मी बघतो, तू थांब तिथेच." त्या दिवशी न्यायाधीश म्हणाला नाही.

बुधवारी सकाळी आठला ते आले. मी पहिल्यांदाच बघत होते. बारीक, काळेसावळे, इस्त्रीचा सदरा, एका हाताने पोट धरलेलं. मला वाटलं होतं, मोठा आडदांड माणूस असेल. बायकोकडे बघून हसले, आणि बसायच्या आधी पायथ्याचा तक्ता हातात घेतला. चौकटी एकेक करून वाचल्या. "आठच्या ताईंची बस चुकली होती," बायको म्हणाली. मग वाकता येत नव्हतं म्हणून मला म्हणाले, "जरा उजवीकडे वळवता?" मी वळवलं. त्यांनी कमरेवरची ती जागा बोटाने दाबून बघितली. स्वयंपाकघराकडे बोट केलं.

तिथे गेल्यावर म्हणाले, "आठ रिकामी. दहा रिकामी. पावणेबाराला पहिलं टिंब. ही म्हणाली बस चुकली."

त्यांनी वाट करून दिली होती. मी 'हो' म्हटलं असतं तर ते धरून बसले नसते, असं मला आजही वाटतं. पण ती वही मी वाचली होती. मी सांगितलं. सगळं सांगितलं. टिंब कशासाठी होतं, कोणी काढलं, नव्यांना आम्ही काय कळवायचो, टाचेचा राग मला कसा होता. सांगताना आवाज चढला माझा, जसा चुकल्यावर चढतो. "तुम्ही बोलताच तसं," असंही एकदा म्हणून बसले.

"बोलतो," ते म्हणाले. मग ओट्याला धरून उभे राहिले. "सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"पाच महिने."

"हो."

"मला वाटत होतं, वॉर्ड चालू आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, मी आजच्या आज तो नियम काढून टाकते, सगळ्यांसमोर लिहिते, माफी मागते. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली केला. "ताई, ते बंद करू नका. ही रोज विचारते किती आले. एकदम थांबलं तर हिला कळेल. हिला कळता कामा नये." पाच महिन्यांत ते मला पहिल्यांदा ताई म्हणत होते. "मी जपून लिहीन. कोणाला लागेल असं लिहिणार नाही. तुम्ही टिंब देत राहा."

आम्ही बाहेर आलो. बाईंनी त्यांना विचारलं, "सगळे आले होते ना?" डोळे मिटून पडल्या होत्या त्या, खोलीत कोण आलं कोण गेलं हे त्यांनी मोजलं नव्हतं.

"सगळे," ते म्हणाले. "अकराच्या अकरा."

बाईंनी चांगला हात पुढे केला. मी धरला. "सगळ्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "फार केलंत आमच्यासाठी."

सांगते, म्हटलं. अजून सांगितलेलं नाही. ते रोज सकाळी लिहितात, दोन-तीन ओळी, 'कृपया' आणि 'शक्य असल्यास' घालून. आणि मी टिंब देते.